घरगुती बेकरसाठी ओव्हनची निवड: घरातल्या वीजजोडणीपासून पहिल्या दहा दिवसांच्या चाचणीपर्यंत

गेली नऊ वर्षे मी कऱ्हाडमधल्या घरातून केक, पाव आणि दिवाळीच्या दिवसांत नानकटाई करून देते. या काळात माझ्याकडे तीन ओव्हन आले. पहिल्या दोन वेळी मी खोक्यावरचे लिटर, वॅट आणि सवलतीची टक्केवारी पाहून निर्णय घेतला. तिसऱ्या वेळी मात्र मोजपट्टी, माझा रोजचा केकचा टिन आणि घरातल्या वायरिंगची माहिती घेऊन दुकानात गेले. तो तिसरा ओव्हन सहा वर्षांनंतरही आठवड्यातले पाच दिवस चालतो. मधल्या काळात जे पैसे वाया गेले आणि ज्या ऑर्डरी मला परत कराव्या लागल्या, ते नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणाच्याही वाट्याला येऊ नये, यासाठी ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

भरवशाचा ओव्हन म्हणजे माझ्या लेखी असा ओव्हन, की ज्यावर १८० अंश लावले तर आजही, पुढच्या आठवड्यातही आणि सहा महिन्यांनीही आत साधारण तेवढेच तापमान मिळते, आणि ज्याचा रॉड (आत तापणारी सळई) गेला तर तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात तो बदलून मिळतो. पदार्थ फिरवून भाजण्याची सळई, रंगीत पडदा, बारा प्रकारचे आपोआप चालणारे मेनू यांपैकी कशाचाही या दोन गोष्टींशी संबंध नाही.

आधी हाताशी काय हवे

दुकानात जाण्यापूर्वी या वस्तू व कागद गोळा करून ठेवा:

- मोजपट्टी, आणि तुम्ही सर्वांत जास्त वापरणार असलेला केकचा किंवा पावाचा टिन
- ओव्हनच्या आत जाळीवर ठेवता येणारा ओव्हन थर्मामीटर. ओव्हनच्या किमतीच्या मानाने तो अगदी स्वस्त असतो
- शेवटचे वीजबिल (त्यावर मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते, छापलेले असते)
- जिथे ओव्हन ठेवणार त्या ओट्याची किंवा टेबलाची लांबी, खोली आणि वरच्या कपाटापर्यंतची उंची
- ओव्हन ज्या सॉकेटला लावणार त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो

१. काय भाजणार आणि एका वेळी किती, हे कागदावर लिहा

हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. पण निम्मी निवड इथेच होते, कारण प्रत्येक पदार्थाला लागणारी उष्णता वेगळी असते. स्पंज केक आणि नानकटाई १६० ते १८० अंशांत होतात. पावाला १८० ते २२० लागतात, खारीचे पदर सुटण्यासाठी २०० ते २२० हवेत, आणि पिझ्झा चांगला हवा असेल तर २५० अंशही कमीच पडतात. याच्या उलट मरँग (अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर फेटून केलेला पदार्थ) ९० ते १०० अंशांत तास-दीड तास नुसते वाळवायचे असते आणि अनेक स्वस्त ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे टेबलावरचा विजेचा ओव्हन) १०० अंशांच्या खाली स्थिर राहतच नाहीत. गोव्याचा बेबिंका हा थरांचा गोड पदार्थ करणार असाल तर वेगळीच अट येते. त्याचा एकेक थर वरून भाजला जातो. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून तो करत, आज त्यासाठी फक्त वरचा रॉड चालू ठेवण्याची सोय लागते आणि ती प्रत्येक ओव्हनमध्ये असतेच असे नाही.

मग प्रमाणाचा प्रश्न येतो. आठ इंची टिनमधला केक साधारण ३५ ते ४५ मिनिटे घेतो आणि त्याआधी ओव्हन तापायला १० ते १५ मिनिटे जातात. म्हणजे एकाच टिनची जागा असलेल्या ओव्हनमध्ये चार केक करायचे तर तीन तास सहज लागतात. वेळेपेक्षा मोठी अडचण मिश्रणाची असते. अंडी फेटून केलेल्या स्पंजमधली हवा वाट पाहत बसत नाही, आणि बेकिंग पावडरचे काम ती ओली होताच सुरू होते. पहिला केक आत असताना दुसरा टिन ४० मिनिटे ओट्यावर ठेवला तर तो केक बसका होतो. दोष पाककृतीचा नसतो, तो रांगेत थांबण्याचा असतो. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी एका वेळी दोन केक करावे लागणार असतील, तर ते लिहून ठेवा. चौथ्या पायरीत त्याचा उपयोग होईल.

२. ओव्हन पाहण्याआधी घरातली वीज पाहा

माझी पहिली चूक इथे झाली, म्हणून या पायरीवर जास्त लिहिते.

आपल्या घरात दोन प्रकारचे सॉकेट असतात: लहान ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. आपला वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा ओटीजी ८.७ अँपिअर ओढतो आणि १५०० वॅटचा लहान ओटीजीसुद्धा साडेसहा अँपिअर ओढतो. म्हणजे दोन्ही ६ अँपिअरच्या सॉकेटसाठी नाहीत. मिक्सर तिथे चालतो, कारण तो कमी वॅटचा असतो आणि दोन मिनिटे चालून थांबतो. ओव्हन मात्र तासभर चालतो आणि तेवढ्या वेळात सैल जोड, बारीक तार आणि प्लगच्या पिना तापत जातात.

मी पहिला ओटीजी हॉलमधल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक जळाल्याचा वास आला. प्लग काढून पाहिला तर एक पिन काळी पडली होती आणि बोर्डाचे भोक वितळून वाकडे झाले होते. त्या वेळी मी घरात होते हे नशीब. तेव्हापासून माझा नियम आहे की ओव्हन थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर तर मुळीच नको.

वायरमनला बोलावून पुढील गोष्टी तपासून घ्या. त्या सॉकेटपर्यंत आलेली तांब्याची तार किमान २.५ चौरस मिलिमीटरची आहे का, आणि त्याच तारेवर फ्रिज, गीझर किंवा पाण्याची मोटर तर नाही ना, हे पाहायला सांगा. अर्थिंग केवळ तिसऱ्या भोकात तार आहे म्हणून आहे असे समजू नका. जुन्या घरांत ती तार अनेकदा कुठेच जोडलेली नसते, म्हणून ती मोजून घ्यायला हवी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. पत्र्याचे मोठे उपकरण, ओले हात आणि शेजारी सिंक अशा जागी तिची फार गरज आहे. नवी लाइन ओढायला लागलेला खर्च ओव्हनच्या खर्चातच धरा.

दुसरी बाब व्होल्टेजची. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा ओव्हन २०० व्होल्टवर जेमतेम १५०० वॅट देतो. व्होल्टेज तेरा टक्क्यांनी घटले की उष्णता चोवीस टक्क्यांनी घटते. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर असे रोज व्हायचे, आणि दुपारी छान फुगणारा केक संध्याकाळी मधे ओला राहायचा. मी कितीतरी दिवस मैद्याला दोष देत होते. तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर अगदी काठावरचा, कमी वॅटचा ओव्हन घेऊ नका. थोडा जास्त वॅटचा घ्या, म्हणजे थर्मोस्टॅटला (ठरवलेले तापमान राखण्यासाठी रॉड चालू-बंद करणाऱ्या भागाला) भरपाई करायला जागा राहते.

वीजबिलाबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही दिसतात. २००० वॅटचा ओव्हन तासभर अखंड तापत राहिला तर दोन युनिट होतील, पण ठरवलेले तापमान गाठल्यावर रॉड चालू-बंद होत राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी लागतात. मात्र महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. रोज ओव्हन चालवून तुमचा वापर १०० किंवा ३०० युनिटांची सीमा ओलांडत असेल, तर वरचे युनिट चढ्या दराने पडतात. केकची किंमत ठरवताना तो वरचा दर धरा. मंजूर भार कमी असेल आणि एसी, गीझर, ओव्हन एकत्र चालणार असतील, तर भार वाढवण्याचा अर्ज आधीच करून ठेवा. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

परदेशातून कोणी अमेरिकन ओव्हन भेट म्हणून आणणार असेल, तर नम्रपणे नको म्हणा. तिथली टेबलावरची उपकरणे १२० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टला लावली तर रॉडवर साडेतीन पटींहून अधिक भार येतो आणि तो काही क्षणांत जळतो. एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो.

३. प्रकार ठरवा

बहुतेक नवशिक्यांसाठी ओटीजी हेच योग्य उत्तर आहे. वर-खाली रॉड, मधे जाळी, एक थर्मोस्टॅट आणि एक टायमर, इतकी त्याची रचना साधी असते आणि म्हणूनच त्याची दुरुस्ती गावात होते. त्याची मर्यादा पत्र्याची आहे. बेकरीच्या भट्टीच्या विटा उष्णता साठवून ठेवतात. आमच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्यांवर नानकटाई भाजून आणायची पद्धत होती, तिथे दार कितीदा उघडले तरी भट्टी ढिम्म तापलेली असे. ओटीजीचा पातळ पत्रा उष्णता साठवत नाही. दार एकदा उघडले की आतली हवा निघून जाते आणि रॉड पुन्हा पेटून लाल होतात, त्यामुळे केकचा वरचा भाग जळतो. म्हणून ओटीजीत दार कमीत कमी उघडायचे आणि खोलगट, मोठा ओटीजी लहानपेक्षा बरा, कारण त्यात रॉड पदार्थापासून लांब असतात.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह (पंख्याने गरम हवा फिरवून भाजण्याची सोय असलेला) घरात आधीच असेल तर त्यावर शिकायला हरकत नाही, पण केवळ बेकिंगसाठी तो नव्याने घेऊ नका. फिरत्या थाळीमुळे चौकोनी टिन अडकतो, बऱ्याच मॉडेलांत खालून स्वतंत्र उष्णता मिळत नाही म्हणून पावाचा तळ फिका राहतो, आणि तासन्तास सलग चालवण्यासाठी तो बनवलेला नसतो. धातूचा टिन त्यात फक्त कन्व्हेक्शनवर वापरायचा, मायक्रोवेव्हच्या किंवा दोन्ही एकत्र चालणाऱ्या मोडवर नाही.

भिंतीत बसवायचा ओव्हन साधारण ६० ते ७० लिटरचा असतो, तापमान अधिक स्थिर ठेवतो आणि दाराला जाड काच असते. त्याला स्वतंत्र लाइन, बरोबर मापाचे कपाट आणि कंपनीचाच कारागीर लागतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर हा विचार सोडून द्या.

गॅसची कुकिंग रेंज, म्हणजे वर चार-पाच शेगड्या आणि खाली ओव्हन, हिची चौकशी मला सर्वांत जास्त होते, विशेषतः ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांच्याकडून. तिची बाजू खरी आहे: वीज नसतानाही भट्टी चालू राहते आणि आत जागा भरपूर असते. पण गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे आतली हवा दमट राहते. केकला ते मानवते, पण बिस्किटांचा खुसखुशीतपणा आणि खारीचा रंग यायला वेळ लागतो. ज्योत खाली असल्याने तळ आधी भाजतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही स्वस्त रेंजच्या ओव्हनला थर्मोस्टॅटच नसतो, नुसता ज्योत कमी-जास्त करणारा खटका आणि दारावर तापमानाचा काटा असतो. तो काटा फक्त दाराजवळचे तापमान दाखवतो, ते राखत नाही. दुकानदाराला सरळ विचारा, “ठरवलेल्या तापमानाला ज्योत आपोआप बारीक होते का?” उत्तर नाही असेल तर ती रेंज बेकरसाठी नाही. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी सुरक्षा ओव्हनच्या बर्नरलाही आहे का, हेही पाहा. ती कधीकधी फक्त वरच्या शेगड्यांना असते.

मुंबईत महानगर गॅसचा किंवा पुण्यात एमएनजीएलचा पाइप गॅस असेल, तर आणखी एक खबरदारी घ्या. सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस यांची उष्णता आणि दाब वेगळे असतात, म्हणून जेटची (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीची) भोकेही वेगळ्या मापाची लागतात. वरच्या शेगड्यांचे जेट बदलले आणि ओव्हनचा तसाच राहिला, असे घडते. बदल गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. आणि तुम्ही विक्री करणार असाल तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही; त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. हा खर्च अनेकांच्या हिशेबात नसतो.

लहान डेक ओव्हन (बेकरीत वापरतात तसा सपाट तळाचा मोठा ओव्हन) रोजच्या दहा-बारा केकच्या पुढे गेल्यावर पाहा. त्याचा भार घरगुती मंजूर भारात बसतोच असे नाही, आणि तो हलवायला चार माणसे लागतात.

४. लिटर बाजूला ठेवा, आतले माप घ्या

लिटर म्हणजे आतली रुंदी, खोली आणि उंची यांचा गुणाकार. ३५ सेंटिमीटर रुंद, ३३ खोल आणि २७ उंच पेटी ३१ लिटरची होते. पण त्याच ३१ लिटरचा दुसरा ओव्हन रुंद आणि बुटका असू शकतो, आणि त्यात केक वर फुगून रॉडला टेकू शकतो. म्हणून जाळी मधल्या खाचेत ठेवून तिच्यापासून वरच्या रॉडपर्यंतचे अंतर मोजा. टिनची उंची धरून, केक फुगल्यावरही वर किमान दोन इंच मोकळे राहिले पाहिजेत.

आडवे मापही तसेच. टिनच्या चारही बाजूंनी गरम हवा फिरायला किमान तीन सेंटिमीटर जागा लागते. आठ इंची टिन २० सेंटिमीटरचा असतो. दोन आठ इंची टिन शेजारी ठेवायचे तर २० आणि २० अधिक तीन फटी, म्हणजे आतली रुंदी जवळपास ५० सेंटिमीटर हवी. ‘६० लिटरमध्ये दोन केक आरामात’ असे सांगितले जाते, पण अनेक ६० लिटरच्या ओव्हनमध्ये सात इंचीचेच दोन टिन नीट बसतात. टिनची कड बाहेर दुमडलेली असेल तर तीही मोजा. म्हणूनच तुमचा टिन सोबत न्या आणि आत ठेवून दार लावून पाहा. एका वेळी एकच केक करणाऱ्याला २८ ते ३५ लिटर पुरतात. विक्रीचा विचार असेल तर माझ्या मते ४० लिटरच्या खाली जाऊ नये.

बाहेरच्या मापात मागे आणि दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा धरा. पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. ओव्हनच्या वरच्या पत्र्यावर काहीही ठेवायचे नाही, त्यामुळे ‘वर मिक्सर ठेवू’ हा हिशेब चालत नाही.

५. दुकानात उभे राहून काय तपासायचे

ओव्हन चालू करून दाखवायला सांगा. वरचा रॉड, खालचा रॉड आणि दोन्ही, असे तीन पर्याय वेगवेगळे चालतात का ते पाहा. पंखा असेल तर तो दोन्ही रॉडसोबत चालतो की फक्त एका मोडवर, हे विचारा. दोन पत्र्यांवर बिस्किटे भाजणाऱ्याला पंख्याचा उपयोग होतो. पंखा लावल्यास तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवायचे असते.

दाराकडे विशेष लक्ष द्या. ते लावल्यावर वर किंवा बाजूला फट राहते का, स्प्रिंग घट्ट आहे का, आणि अर्ध्यावर सोडले तर धाडकन पडते का, हे हाताने करून पाहा. एका काचेपेक्षा दोन काचांचे दार उष्णता जास्त धरते. आत दिवा हवाच. तो नसेल तर केक पाहण्यासाठी तुम्ही दार उघडत राहाल.

फसगत होण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे पुढचा लाल दिवा. काही ओव्हनमध्ये तो रॉडबरोबर चालू-बंद होतो, त्यामुळे तो विझला की ठरवलेले तापमान आले असे समजता येते. इतर अनेक ओव्हनमध्ये तो फक्त वीज चालू असल्याचे दाखवतो. माझा दुसरा ओव्हन असाच होता, आणि तो तापला की नाही हे मला वर्षभर अंदाजानेच ठरवावे लागले. विक्रेत्याला विचारा, आणि उत्तरावर न थांबता तापमानाचा खटका (फिरवायचे बटण) १०० अंशांवर लावून दिवा विझतो का ते पाच-सात मिनिटे थांबून पाहा.

टायमर ६० मिनिटांचाच असेल तर त्यावर ‘सतत चालू’ अशी खूण आहे का पाहा, कारण फळांचा ख्रिसमस केक दीड तासाहून जास्त घेतो.

६. बिल, हमी आणि दुरुस्ती

पैसे देण्यापूर्वी जवळचे सेवा केंद्र कुठे आहे ते विचारा आणि दुकानातूनच तिथे फोन लावा. “या मॉडेलचा खालचा रॉड, थर्मोस्टॅट आणि दाराची काच मिळते का, आणि किती दिवसांत?” एवढेच विचारायचे. माझ्या दुसऱ्या ओव्हनची काच फुटली तेव्हा ती सात आठवडे आली नाही आणि त्या सात आठवड्यांत एक लग्नाची ऑर्डर मला सोडावी लागली. तेव्हा मी हा फोन आधी केला असता तर तो ओव्हन घेतलाच नसता.

जपून ठेवायचे कागद असे: मॉडेल व अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल, दुकानाचा शिक्का व तारीख असलेले हमीपत्र, पुस्तिका आणि खोके उघडतानाचे मोबाइलवरचे चित्रण. हमीपत्रावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असे छापलेले असते. तुम्ही विक्री करणार असाल तर व्यावसायिक वापराने हमी रद्द होते का, हे लेखी विचारून घ्या. विक्रीसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणीही लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

सदोष वस्तू बदलून देण्यास टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात जावे लागत नाही.

७. पहिले दहा दिवस: घरची चाचणी

ही पायरी ओव्हन घरी आल्यावरची आहे, पण निवडीचाच भाग आहे, कारण ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. कोणतीही ऑर्डर घेण्याआधी ही कामे करा.

*रिकामा तापवणे.* दोन्ही रॉड चालू करून २०० अंशांवर वीस मिनिटे, खिडक्या उघड्या ठेवून. कारखान्यातले तेल जळते आणि धूर, वास येतो. तो पहिल्या एक-दोन वेळीच यायला हवा.

*तापमानाची नोंद.* थर्मामीटर मधल्या जाळीवर अगदी मध्यभागी ठेवा, खटका १८० वर लावा आणि वीस मिनिटे थांबा. मग दार न उघडता काचेतून दर पाच मिनिटांनी आकडा लिहा, एकूण अर्धा तास. सर्व आकड्यांची सरासरी काढा. सरासरी १६५ आली तर तुमचा ओव्हन १५ अंश मागे आहे. खटका तेवढा पुढे ठेवून काम भागते. सरासरी चुकणे हा मोठा दोष नाही. आकडे मात्र १५० ते २१० असे हेलकावे खात असतील, तर तो ओव्हन बेकिंगसाठी कामाचा नाही आणि तो परत करावा. मध्यापासून दहा-पंधरा अंशांचा चढउतार मी स्वीकारते, त्याहून जास्त नाही.

*साखरेची पडताळणी.* थर्मामीटरचीच शंका असेल तर चमचाभर साखर फॉइलच्या वाटीत ठेवा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. तापलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर पंधरा मिनिटांत ती दाणेदारच राहिली पाहिजे, आणि नवी साखर घेऊन १९० वर पंधरा मिनिटांत वितळली पाहिजे. वेळ पंधरा मिनिटांपेक्षा वाढवू नका. फार वेळ तापली तर कमी तापमानालाही ती पाझरू लागते.

*ब्रेडच्या कापांची चाचणी.* १८० वर तापलेल्या ओव्हनमध्ये जाळीभर ब्रेडचे काप पसरा आणि त्यांना रंग येऊ लागला की बाहेर काढा. दहा मिनिटांच्या आसपास लागतात. काप ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने ओट्यावर मांडून फोटो घ्या. जिथला काप जास्त तांबूस, तिथे उष्णता जास्त. माझ्या ओव्हनचा मागचा उजवा कोपरा असा आहे, म्हणून मी केक दोन-तृतीयांश भाजून झाल्यावर टिन एकदा फिरवते. सौम्य फरक सर्वच ओव्हनमध्ये असतो. एक काप काळा आणि शेजारचा पांढरा, असे असेल तर रॉड किंवा दाराची फट तपासून घ्या.

*संध्याकाळची चाचणी.* तापमानाची नोंद संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान पुन्हा करा. दुपारच्या आणि रात्रीच्या सरासरीत फरक आला तर तो ओव्हनचा नसून व्होल्टेजचा आहे, आणि दुसरा ओव्हन आणूनही तो जाणार नाही. अशा घरात ऑर्डरीचे भाजणे सकाळी उरकावे हा माझा अनुभव आहे.

*साधा स्पंज.* शेवटी तुमच्या हातखंड्याचा साधा केक करा. तो मधे डोंगरासारखा वर येऊन तडकला तर वरची उष्णता जास्त आहे. जाळी एक खाच खाली घ्या. वरून रंग आला आणि आत ओला राहिला तर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवून वेळ वाढवा. तळ करपला तर टिनखाली दुसरा रिकामा पत्रा ठेवा. गडद रंगाचा टिन उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे या चाचणीसाठी अॅल्युमिनियमचाच टिन वापरा.

या सर्व नोंदी एका कागदावर लिहून ओव्हनजवळच्या भिंतीवर लावा: खटका किती, आतले तापमान किती, कोणती खाच, टिन कधी फिरवायचा. रॉड किंवा थर्मोस्टॅट बदलला, घर बदलले किंवा नवी लाइन ओढली, की तापमानाची आणि ब्रेडची चाचणी पुन्हा करा आणि जुना कागद काढून टाका.